तुळजाला दिवस गेले तेव्हा

भिवंडीत कामतघरच्या तळ्याकडून कारखान्यांच्या बाजूला जाणाऱ्या वाटेवर कौलारू खोल्यांची एक रांग होती. त्यातली चौथी खोली काळूरामची. काळूराम पाण्याच्या खात्यात रोजंदारीवर होता. गल्लोगल्लीचे वॉल्व्ह फिरवायचे, नळाला पाणी सोडायचं, दोन तासांनी बंद करायचं, हे त्याचं काम. बारा वर्षं झाली होती आणि बारा वर्षं तो 'कायम' होण्याची वाट बघत होता.

त्याच्या बायकोचं नाव तुळजा. माहेर अकलोलीचं, गरम पाण्याच्या कुंडांपासून हाकेच्या अंतरावर. उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडाची भारी बोलकी. नळावर, दुकानात, कारखान्यात, जिथे जाईल तिथे तिचा आवाज आधी पोचायचा आणि ती मागून. काळूराम तितकाच अबोल. चिडला तरी गप्प, खूश असला तरी गप्प. शेजारपाजारचे म्हणत, त्या घरात दोघांच्या वाटचं तुळजाच बोलते. तुळजा हसून म्हणायची, "त्यांची गप्पी मला वाचता येते. तुमच्या बडबडीपेक्षा बरी हाय." आणि ते खरंही होतं. नवऱ्याच्या कुठल्या गप्प बसण्याचा काय अर्थ, हे चौदा वर्षांत तिला पाठ झालं होतं. त्याचा तिला अभिमान होता.

घरात सासू आनंदीबाई आणि दोन मुली, सुगंधा आणि बेबी. पाच वर्षांपूर्वी तिसऱ्या खेपेला मुलगा झाला होता. अकरा दिवस जगला. बाराव्या दिवशी बारशासाठी आणून ठेवलेले हरभरे आनंदीबाईने तसेच पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. त्यानंतर तुळजाला परत काही राहिलं नाही. सुईण म्हणाली, "आता ओटी सुकली, आशा सोड." एक वर्ष गेलं, दोन गेली. आनंदीबाई अधूनमधून उसासे टाकायची, पण तीही थकली. तुळजा एका कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागली. लूमच्या धोट्यात बसवायच्या त्या छोट्या कांड्या, त्यांच्यावर मशीननं सूत गुंडाळायचं. दिवसभर बोटांत सूत आणि कानात लूमची खटखट. त्या खटखटीवर ओरडून बोलायची सवय लागल्यामुळे तुळजाचा आवाज घरीही चढाच राहायचा.

शहात्तर सालच्या डिसेंबरात सुताला खळ देणाऱ्या शेजारच्या सायझिंगमधून येणाऱ्या वासानं तिला मळमळायला लागलं. तीन वर्षं तो वास नाकात होता, कधी काही झालं नव्हतं. आता मात्र डबा उघडला की उमासे यायचे. तिला वाटलं, पित्त झालं. तिच्या बाजूच्या मशीनवर खैरूनबी असायची. सात मुलांची आई. तिनं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी मशीन थांबवून म्हणाली, "तुलजा, ये पित्त-वित्त कुछ नहीं. महीना कब आया था?"

"दसऱ्याच्या नंतर आला होता. पण माझा आता तसाच हाय, मागेपुढे होतो."

"होता होगा. फिर भी एक बार खोतबाई को दिखा के आ. मेरा जी बोलता है."

तुळजानं ते हसण्यावारी नेलं. पण घरी जाताना तिची पावलं आपोआप मंदावली. पाच वर्षांत जे मनात येऊ दिलं नव्हतं ते आलं, आणि एकदा आलेलं जाईना.

बाजारपेठेत डॉक्टर खोत म्हणून एक बाई होत्या. त्यांनी विचारपूस केली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या. समोरच्या लॅबमध्ये तपासून घेऊ." दुसऱ्या दिवशी तुळजा वर्तमानपत्रात गुंडाळलेली टॉनिकची बाटली पदराखाली धरून निघाली, तर वाटेतला प्रत्येक माणूस आपल्या पदराकडेच बघतोय असं तिला वाटत राहिलं. दुपारी चारला लॅबवाल्यानं एक चिठ्ठी दिली. इंग्रजी. तुळजाला मराठीही जुळवून जुळवून वाचता येत असे. ती चिठ्ठी घेऊन ती डॉक्टरीणबाईंच्या समोर बसली.

"पॉझिटिव्ह आहे," खोतबाई म्हणाल्या.

"म्हणजे न्हाय ना?"

"अहो, म्हणजे आहे. दिवस गेलेत."

"कोणाला?"

खोतबाई हसल्या. "इथे तुमच्याशिवाय दुसरं कोण बसलंय?"

तुळजाला हसू आलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती अशी रडली की बाहेर बसलेल्या बाया दारातून डोकावून बघू लागल्या. खोतबाईंनी तिला पाणी दिलं. दोन महिने भरत आलेत म्हणाल्या. मागचं मूल गेलेलं आहे तेव्हा जपा, ओझं उचलू नका, दर महिन्याला दाखवा. तुळजा सगळ्याला मान हलवत होती. बाहेर पडल्यावर तिला आठवेना की बाईंनी काय काय सांगितलं.

तिच्या पोटात गोष्ट राहत नसे, पण त्या दिवशी तिनं ती ठेवली. वाटेत दोन ओळखीच्या बाया भेटल्या, त्यांच्याशी ती भाजीच्या भावावर बोलली. घरी सासूला काही म्हणाली नाही. हे पहिल्यांदा नवऱ्यालाच कळायला पाहिजे, असं तिनं ठरवलं होतं.

संध्याकाळी काळूराम ओट्यावर बसून वॉल्व्हच्या लांब लोखंडी चावीला तेल लावत होता. तुळजा त्याच्या बाजूला टेकली.

"अहो, मला दिवस गेलेत."

त्याचा हात थांबला. "कोण म्हणतो?"

"डाक्टरीणबाई. लघवी तपासून घेतली. ही बघा चिठ्ठी."

काळूरामनं चिठ्ठी घेतली. त्यालाही इंग्रजी येत नव्हतं, तरी तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"कितवा?"

"दोन भरत आले."

त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे दिवाळीतला."

"असंल की," तुळजा म्हणाली आणि चौदा वर्षांच्या संसारानंतरही लाजली.

त्यानं चिठ्ठीची घडी घातली, तिच्या हातात परत दिली आणि चावीकडे बघत विचारलं, "तुझ्या कांडीखात्यात कोण कोण असतो?"

"आमी पाच बाया. अन् मुकादम हाजीचाचा. कशाला?"

"सहज."

त्याला कामाची काळजी वाटत असेल, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "काम सोडीन हवा तर. सातव्यापासून सोडीनच." तो उठून आत गेला.

पुढचे दिवस घरात एकट्या आनंदीबाईचेच होते. म्हातारी दहा वर्षांनी तरुण झाली. सुनेला घागर उचलू देईना, अंधार पडायच्या आत दार लावी, तळ्याकाठच्या वऱ्हाळदेवीला नवस बोलून आली आणि रांगेतल्या सगळ्या खोल्यांत जाऊन सांगून आली. काळूराम मात्र आणखी गप्प झाला. थंडीचे दिवस असून त्यानं आपलं अंथरूण बाहेर ओट्यावर नेलं. तुळजानं वाढलेलं ताट तो हातात घेईना. सुगंधाला म्हणे, "तू आण." तुळजानं ही गप्पी आपल्या पद्धतीनं वाचली. मागच्या वेळची धास्ती आहे, परत तसंच झालं तर, म्हणून माणूस आतून घाबरलाय. एकदा ओट्यावर जाऊन ती त्याला समजावू लागली, "ह्या वेळेला काय व्हायचा न्हाय. मला आतून वाटतो. तुमी कशाला जीव जाळता?" त्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. तसं बघणं तिनं चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. ते तिला वाचता आलं नाही.

मग एक दिवस तो कारखान्याच्या फाटकात येऊन उभा राहिला. आत आला नाही, नुसता उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळत होता. खैरूनबी बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा तिनं विचारलं, "क्या भाई, किसको देख रहे?" खैरूनबी परत येऊन तुळजाला म्हणाली, "तेरा मर्द बाहर खड़ा है. मेरे को उसकी नज़र अच्छी नहीं लगी. घर में कुछ हुआ क्या?"

"काय व्हायचा हाय?" तुळजा म्हणाली. पण ती बाहेर जाऊन बघेपर्यंत तो निघून गेला होता.

संक्रांत आली. महादू म्हणून काळूरामच्याच खात्यात काम करणारा एकजण होता. त्याच्या बायकोनं, हौसानं, हळदीकुंकू केलं. वीसेक बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. तुळजाच्या वाटचा तिळगूळ तिच्या हातावर ठेवताना कोणीतरी म्हणालं, "हिला दोन लाडू दे ग, दोन जीवांची हाय." सगळ्या हसल्या. हौसाला रांगेतली ही बातमी लागली नव्हती. ती दुसऱ्या आळीत राहायची. तिनं हातातलं ताट तसंच धरून विचारलं, "कोण, तुळजा? अग, पण ती कशी? आमच्या ह्यांचा अन् काळूभावजींचा तं एकाच दिवशी आपरेशन झाला. पितरांच्या पंधरवड्यात. दोघंही एकाच गाडीत होते."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलं. वीस बायकांनी आधी तुळजाच्या तोंडाकडे बघितलं आणि मग तिच्या पोटाकडे.

तुळजाला आधी काही उमगलं नाही. मग तिला सप्टेंबरातले ते दिवस आठवले. ठाण्याला पाइपाच्या कामावर जातो म्हणून काळूराम दोन दिवस गेला होता. परत आला तेव्हा फेंगडा चालत होता. पाइपावरून घसरलो म्हणाला होता. तिनं हळद गरम करून लेप दिला होता आणि त्यानं तो लावू दिला नव्हता, "मी लावीन" म्हणाला होता. ते आठवलं आणि लगेच ओट्यावरचं अंथरूण आठवलं, सुगंधाच्या हातचं ताट आठवलं, फाटक आठवलं. पेरांवर फिरणारा अंगठा आठवला. आपला नवरा आपल्याला काय समजतोय, हे तिला वीस बायकांच्या देखत कळलं.

ती उठली. हौसा मागून "तुळजा, ऐक तरी" म्हणत होती. तुळजा घरी आली तेव्हा काळूराम भिंतीला टेकून बसला होता. मुली शेजारी खेळत होत्या. आनंदीबाई तांदूळ निवडत होती. सासू समोर आहे याचं तुळजाला भान नव्हतं.

"तुमी आपरेशन केलात?"

काळूराम गप्प.

"बोला! आज मला तुमची गप्पी नको. केलात?"

"केला."

आनंदीबाईच्या हातातून सूप खाली आलं.

मग तो बोलला. त्या घरात इतकं तो कधी बोलला नव्हता. साहेबांनी यादी केली होती. दोन किंवा जास्त मुलं ज्यांना आहेत त्यांनी नसबंदीच्या ऑपरेशनची चिठ्ठी आणायची. आणेल तो कायम होईल, नाही आणणार त्याचं नाव हजेरीपटावरून जाईल. त्याला वाटलं, तुळजाला तसंही आता व्हायचं नाही. मग चिठ्ठी तरी मिळू दे. घरात सांगून आईला रडवायचं कशाला? एका शाळेत तंबू ठोकले होते. सकाळपासून रांग होती. एकाला उठवलं की दुसऱ्याला आडवं करत होते. "माझा पाच मिनिटांत झाला. चिठ्ठी दिली, गाडीत बसवला. बस्स."

"मग मला सांगायचात ना!"

"काय सांगायचा? पाच वर्षं तुला माझ्यापासून राहिला न्हाय. माझा कापला, अन् महिन्याभरात तुला राहिला. तूच सांग, मी काय समजू?"

"मला विचारायचात! शिवी द्यायचीत, मारायचात, पण विचारायचात. मी तुमच्या बाजूला बसून आनंदानं सांगत होते, अन् तुमी मनात बोटं मोजत होतात?"

"तू सांगशील ता खरा, अन् डाक्टरनं कापला ता खोटा?"

"चला खोतबाईंकडं. आत्ता चला. त्यांना विचारू."

"अन् आणखी एका माणसासमोर माझी अब्रू घालवू? हळदीकुंकवात गेली तेवढी बास हाय."

आनंदीबाईनं उठून मुलाच्या तोंडात मारली. वंश बुडवलास म्हणाली, मला न विचारता अंगाला लोखंड लावून घेतलंस म्हणाली, आणि जमिनीवर बसून रडली. रडून झाल्यावर तिनं सुनेकडे तोंड केलं. हळू आवाजात, जवळजवळ अजिजीनं, तिनं विचारलं, "पोरी, माझ्या घरातला हाय का न्हाय, तेवढा एकदा सांग."

तुळजानं उत्तर दिलं नाही. नवऱ्याच्या शब्दांनी झालं नव्हतं ते सासूच्या त्या एका वाक्यानं झालं. तिच्या आत काहीतरी मिटलं. दुसऱ्या दिवशी खैरूनबी तिला म्हणाली, "तू अकेली जा खोतबाई के पास. पूछ ले. कुछ तो कारन होगा." तुळजा म्हणाली, "मी खरी हाय ह्याच्यासाठी कागद आणू? कोणासाठी?" हा ताठा तिचा. पुढे पुष्कळ वर्षं तिला वाटत राहिलं की त्या दिवशी तो ताठा सोडला असता आणि बाजारपेठेपर्यंत चालत गेले असते, तर अर्ध्या तासाचं काम होतं.

आठ दिवसांनी काळूराम म्हणाला, "अकलोलीला जा. पोरी इथं राहतील, शाळा हाय." तिनं वाद घातला नाही. बेबी पदर सोडेना तेव्हा तिला सुगंधानं धरलं. एसटी सुटताना खिडकीतून तुळजा मुलींकडे बघत होती. काळूराम स्टँडवर आला नव्हता.

अकलोलीला भाऊ विठू आणि भावजय मैना. दोघांनी काही विचारलं नाही. भिवंडीची बातमी त्यांच्या कानावर आधीच आली होती. मैना मनानं मोकळी होती. एवढंच म्हणाली, "आलीस ता बरा झाला. पहिली बाळंतपणं इथंच केलीस, हाही करू." तुळजा घरातलं जमेल ते करायची. भात झोडून झाले होते, वाल निघत होते. दुपारी ती वालाच्या शेंगा सोलत बसे. पूर्वी आली की आख्खी आळी तिच्या गप्पांना जमत असे. आता कोणी आलं तर ती विचारलं तेवढंच सांगे. मैना एकदा नवऱ्याला म्हणाली, "ही काळूभावजींसारखी झाली."

पाचव्या महिन्यात पोटात हलू लागलं. पहिल्यांदा हललं तेव्हा तुळजा शेंगांची पाटी बाजूला करून कितीतरी वेळ पोटावर हात ठेवून बसली. सांगावं असं जवळ कोणी नव्हतं. तिनं त्यालाच सांगितलं, "तू हलत राहा. मी हाय."

महाशिवरात्रीनंतर आठवड्याभरानं, दुपारच्या वेळी तिच्या कंबरेत कळ आली. मैनानं सुईणीला बोलावलं. सुईणीनं बघितलं आणि गाडी बघायला सांगितली. विठू गाडीसाठी वज्रेश्वरीच्या नाक्यावर धावला. तो परत येईपर्यंत सगळं झालं होतं. मुलगा होता. ओंजळीएवढा. रडला नाही.

पुढे लोकांनी कारणं लावली. कोणी एसटीच्या हिसक्यांवर ठपका ठेवला, कोणी बाहेरच्या बाधेवर, कोणी म्हणालं काळजीनं आतडं वाळलं. सुईण म्हणाली, "ह्याला कारण लागत न्हाय बाय, जायचा ता जातो." विठूनं बांधाच्या कडेला, जांभळीखाली खड्डा खणला. परत येऊन हात धुऊन तो म्हणाला, "मी भिवंडीला जाऊन सांगून येतो."

"कोणाला?"

"काळूभावजींना. त्यांना कळायला नको?"

"ज्यानं आपला म्हटला न्हाय, त्याला कसला सुतक?" तुळजा म्हणाली. "बस खाली."

इकडे भिवंडीत एक वेगळीच गोष्ट घडली. संक्रांतीच्या दिवशी हौसाला स्वतःलाच माहीत नव्हतं, पण तिलाही दिवस गेले होते. होळीच्या तोंडावर तिनं महादूला सांगितलं. महादूनं डोकं खाजवलं, बायकोकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तो सरळ दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरसमोर बसून म्हणाला, "साहेब, तुमच्या माणसांनी माझा वॉल्व्ह बंद केला, तरी पाणी कसा आला?"

डॉक्टर हसले. "पाण्याच्या खात्यातले दिसता. मग तुम्हीच सांगा, वॉल्व्ह बंद केल्यावर पुढच्या पाइपात असलेलं पाणी जातं कुठे?"

"ता येतो थोडा वेळ."

"तसंच आहे हे. तीन महिने जपायचं असतं. तुम्हाला दिलेल्या चिठ्ठीच्या मागे छापलंय. वाचलं नाही?"

महादूनं वाचलं नव्हतं. तिथे कोणी सांगितलंही नव्हतं. तो घरी आला, चिठ्ठी काढली, उलटी करून वाचली, आणि हौसाला म्हणाला, "आपलाच हाय." हौसा म्हणाली, "मग काय शेजाऱ्याचा वाटला?" आणि लगेच तिला तुळजा आठवली. तिनं महादूला जेवूही दिलं नाही. त्याला तसाच काळूरामकडे पिटाळलं.

काळूरामनं पत्र्याच्या पेटीतून आपली चिठ्ठी काढली. खात्यात दाखवून आणल्यापासून ती तिथेच पडून होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात मराठीतच लिहिलेलं होतं. चौथी शिकलेला माणूस. त्यानं बोट ठेवून दोनदा वाचलं. बारा वर्षं तो वॉल्व्ह फिरवत होता. चावी फिरवल्यावर आळीतल्या शेवटच्या नळाला किती वेळ पाणी येत राहतं, हे त्याच्याइतकं भिवंडीत कोणाला माहीत नव्हतं.

होळी होऊन दोन दिवस झाले होते. पहिल्या एसटीनं तो निघाला. आनंदीबाईनं सुनेसाठी डिंकाचे लाडू बांधून दिले. वाटेत त्यानं काय काय बोलायचं ते जुळवलं असावं, कारण विठूच्या अंगणात येईपर्यंत त्याचे ओठ हलत होते, असं मैना नंतर सांगायची. तुळजा अंगणात वाल वाळत घालत होती. ती सरळ उभी राहिली.

काळूरामनं तिच्या पोटाकडे बघितलं. लाडवांची पिशवी हातात तशीच राहिली. जुळवून आणलेलं सगळं बाजूला पडलं आणि तोंडून निघालं ते एवढंच,

"पाडलास?"

मैना म्हणते, त्या वेळी तुळजा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. "न्हाय," ती म्हणाली. "पडला. बारा दिवस झाले. मुलगा होता." आणि परत खाली वाकून वाल पसरू लागली.

काळूराम तिथेच मातीत बसला. बऱ्याच वेळानं त्यानं चिठ्ठी काढली, महादूचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. त्याचा प्रत्येक शब्द खरा होता. तुळजानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "महादूनं विचारला. म्हणून त्याला कळला." विठू काळूरामला बांधावर घेऊन गेला. दोघं परत आले तेव्हा काळूरामच्या गुडघ्यांना माती होती.

तुळजा भिवंडीला परत आली ती मुलींसाठी. स्टँडवर बेबी तिला चिकटली ती रात्री झोपेपर्यंत सुटली नाही. आनंदीबाईनं सुनेचे पाय धरले. तुळजानं तिला उठवून बसवलं आणि चहा ठेवला. कारखान्यात हाजीचाचानं तिची मशीन दुसऱ्या कोणाला दिली नव्हती. खैरूनबीनं तिला पाहिल्यावर आपल्या डब्यातली अर्धी रोटी तिच्या पुढे ठेवली, आणि दोघी मशीनकडे वळल्या. त्या महिन्यात दिल्लीतलं सरकार बदललं. शिबिरं गेली, तंबू गेले, साहेबांची बदली झाली. ती यादी कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. काळूराम कायम झाला तो पुढे दोन वर्षांनी, इतरांबरोबर, सेवेच्या वर्षांवर. चिठ्ठी कोणी मागितली नाही.

हौसाला सप्टेंबरात मुलगा झाला. तुळजा बारशाला जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. ती गेली. पाळण्याला हात लावला, बाळाला झबलं दिलं, जेवून आली. त्या आळीत तिच्याबद्दल जे बोललं गेलं होतं ते लोक विसरले, किंवा विसरल्यासारखं दाखवू लागले. खोतबाई एकदा वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही मला का नाही विचारलंत हो?" तुळजानं नुसती मान हलवली.

काळूराम तिच्याशी आता बोलायचा प्रयत्न करी. कामावरून आला की आज कुठे पाइप फुटला, कोण भेटलं, सांगत बसे. ती ऐकून घेई. माफ कर, असं त्यानं कधी म्हटलं नाही. ओठांपर्यंत येत असावं. तुळजालाही ते दिसत असावं, कारण अशा वेळी ती काम सोडून थोडी थांबे. तो वाक्य दुसरीकडे वळवी, आणि ती परत कामाला लागे.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी हौसा आपल्या पोराला तुळजाकडे सोडून बाजारात गेली. पोर दंगा करून दमलं आणि जमिनीवरच्या गोधडीवर झोपलं. काळूराम जेवून भिंतीला टेकला होता. कितीतरी वेळ तो त्या झोपलेल्या पोराकडे बघत होता.

"एवढाच असता," तो म्हणाला.

तुळजा सूत झटकत होती. तिनं हात थांबवला.

"न्हाय," ती म्हणाली. "आपला दोन महिन्यांनी मोठा असता."

'आपला' हा शब्द ऐकून काळूरामनं गुडघ्यांत तोंड घातलं. पोर जागं होईल म्हणून तो आवाज न करता रडत होता. तुळजानं त्याला थांब म्हटलं नाही, जवळही गेली नाही. पोराच्या कपाळावर माशी बसली होती, ती तिनं पदरानं वारली.